पोटाची चरबी, हार्मोन्स आणि बायकांचं बीपी: काय मोजायचं, काय बदलायचं, डॉक्टरांना काय विचारायचं

माझी मोठी ताई दोन वर्षांपूर्वी दाढ काढायला गेली आणि दाढ न काढताच घरी आली. दातांच्या डॉक्टरांनी भूल द्यायच्या आधी बीपी बघितलं तर १६८/१०२, पंधरा मिनिटं शांत बसवून परत बघितलं तरी तेवढंच, मग म्हणाले आधी हे आटोक्यात आणा, दाढेचं नंतर बघू. ताई तेव्हा ४७ वर्षांची, वजन ५४ किलो, उंची पाच फूट, हातपाय बारीक, तिला जाड कुणीच म्हटलं नसतं. त्याआधी वर्षभर तिचं डोकं दुखायचं, रात्री घाम फुटून जाग यायची, जिना चढताना धडधडायचं. दोनदा ती दवाखान्यात जाऊन आली आणि दोन्ही वेळेला "चाळिशी उलटली की बायकांना असं होतंच, टेन्शन घेऊ नका" एवढं ऐकून, ॲसिडिटीची गोळी घेऊन परत आली. दंडाला पट्टा कुणी बांधलाच नाही. मला त्याचा अजून राग आहे, आणि हे सगळं लिहायला बसले त्याचं कारणही तेच आहे.

एक खूण मात्र आमच्या डोळ्यासमोर होती. ताईचे ब्लाउज दंडात आणि खांद्यात पहिल्यासारखेच बसायचे, पण सगळ्यात खालचं हूक लागायचं नाही, म्हणून तिने टेलरकडून आतली शिलाई दोनदा उसवून घेतली होती, तिसऱ्यांदा उसवायला आत कापडच उरलं नव्हतं. वजनकाट्यावर तीन वर्षांत जेमतेम दोन किलो वाढले होते. म्हणजे चरबी अंगभर वाढली नव्हती, पोटावर जमली होती, आणि बीपीच्या दृष्टीने नेमकी हीच जागा वाईट.

मी डॉक्टर नाही, अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते, त्यामुळे हार्मोन्सचा भाग मला समजावून सांगता येतो. बाकीचं ताईबरोबर दोन वर्षं दवाखाने, मशीन, मीठ, गोळ्या हे करताना शिकले. खाली जे आहे ते त्याच क्रमाने करत गेलात तर सोपं जाईल.

आधी समजून घ्या: चरबी नुसती साठून पडलेली नसते

आपण चरबीकडे कणगीत भरून ठेवलेल्या धान्यासारखं बघतो, पडून आहे, कधी लागली तर वापरू. प्रत्यक्षात ती ग्रंथीसारखी काम करते, रक्तात हार्मोन्स सोडत राहते. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं लेप्टिन. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या टीमने ते शोधलं. चरबीच्या पेशी लेप्टिन सोडतात आणि मेंदूला कळवतात की साठा पुरेसा आहे, भूक आवर. चरबी जास्त झाली की लेप्टिनही जास्त होतं, पण मेंदू भुकेच्या बाबतीत त्याचं ऐकेनासा होतो. मात्र हेच लेप्टिन मज्जासंस्थेचा जो भाग आपल्याला पळायला, लढायला तयार करतो त्याला चेतवतं, आणि तिथे त्याचा जोर टिकून राहतो. म्हणजे भूक कमी होत नाही पण नाडी आणि बीपी वाढायला मदत होते. आणि बायकांच्या अंगात पुरुषांपेक्षा लेप्टिन मुळातच जास्त असतं.

आता दुसरा धागा. किडनीच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या ॲल्डोस्टेरोन नावाचं हार्मोन बनवतात. ॲल्डोस्टेरोन किडनीला सांगतं, मीठ धरून ठेव, पोटॅशियम सोडून दे. मिठामागे पाणी येतंच, रक्ताचं आकारमान वाढतं, नळ्या ताणल्या जातात, बीपी चढतं. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा इथल्या संशोधकांनी २०१५-१६ मध्ये दाखवलं की लेप्टिन थेट या ग्रंथीला ॲल्डोस्टेरोन बनवायला लावतं, आणि लठ्ठ मादी उंदरांमध्ये बीपी वाढायचं आणि रक्तवाहिन्या बिघडायच्या त्या याच वाटेने. हे काम उंदरांवरचं आहे हे खरं, पण एक गोष्ट त्यातून स्पष्ट होते. बायकांचं बीपी म्हणजे पुरुषांच्या बीपीचीच छोटी आवृत्ती असं धरून चालणं चूक आहे.

शिवाय चरबीची पेशी अँजिओटेन्सिनोजेनही बनवते, ज्यापासून पुढे रक्तवाहिन्या आवळणारं रसायन तयार होतं. पोटाच्या चरबीमुळे इन्शुलिनचा परिणाम कमी होतो, मग शरीर जास्त इन्शुलिन सोडतं, आणि जास्तीचं इन्शुलिनही किडनीला मीठ धरून ठेवायला लावतं. सगळ्या वाटा फिरून मिठापाशीच येतात.

मग इस्ट्रोजेनचं काय? पाळी चालू असते तोवर इस्ट्रोजेन चरबी मांड्या आणि नितंबांकडे पाठवतं, तिथली चरबी त्यामानाने निरुपद्रवी, आणि रक्तवाहिन्या सैल ठेवायलाही ते मदत करतं. पाळी जायला लागली की चरबी पोटाकडे वळते, आणि रक्तवाहिन्यांचं ते संरक्षणही जातं. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य बायकांपेक्षा चार-पाच वर्षं आधी, म्हणजे आपल्यासाठी हा बदल लवकर सुरू होतो. आणि "पाळी अजून चालू आहे म्हणजे मला बीपी होणार नाही" असं मानू नका, पोटावर चरबी असेल तर ते संरक्षण पाळी चालू असतानाही पुरत नाही, पस्तिशीतल्या मुलींनाही बीपी निघतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ वर्षांवरच्या बायकांपैकी २१.३ टक्के बायकांचं बीपी वाढलेलं किंवा गोळी चालू असलेलं निघालं, म्हणजे पाचात एक.

पायरी १: शिलाई मशीनच्या डब्यातली टेप काढा

वजनकाटा नंतर, आधी टेप. सकाळी, पोट साफ झाल्यावर, काही खायच्या आधी उभं राहायचं. परकराचा नाडा किंवा सलवारीचं इलॅस्टिक जिथे बसतं तिथे मोजायचं नाही, ती जागा बहुतेक वेळा खूप खाली असते. बगलेखालून बोट खाली आणत आणत सगळ्यात शेवटची बरगडी शोधा, मग कमरेच्या हाडाचा वरचा काठ शोधा, या दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप. कपड्यावरून नाही, अंगावर. पोट आत ओढू नका, श्वास सहज सोडा आणि सोडल्यावर आकडा वाचा. टेप मागच्या बाजूने वर-खाली तर झाली नाही ना ते आरशात बघा किंवा मुलीला बघायला सांगा.

भारतीय बायकांसाठी मर्यादा ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच. आणखी एक सोपा हिशोब म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. ताईची उंची १५२, निम्मे ७६, आणि कंबर निघाली ८८! बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, मात्र २३.४, म्हणजे आपल्याकडच्या २३ च्या मर्यादेच्या जेमतेम वर, काट्याकडे बघून कुणालाही शंका आली नसती.

हे आपलं भारतीयांचं खास दुखणं आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याला 'बारीक पण चरबीयुक्त' शरीर म्हटलं. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटिश डॉक्टर यूडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो आला होता, दोघांचाही बीएमआय २२.३, पण अंगातली चरबी यूडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. ते दोघे पुरुष होते, पण धडा बायकांनाही तोच लागू होतो, काट्यावर भरवसा ठेवू नका, टेप धरा. महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, बास. रोज मोजून फक्त जीव खाली-वर होतो.

पायरी २: बीपी नीट मोजायला शिका

इथे मी जास्त वेळ घेणार आहे कारण चुका इथेच होतात.

मशीन दंडाला बांधायचं घ्या, मनगटाचं नको. आणि पट्ट्याचं माप बघा. मशीनबरोबर येणारा नेहमीचा पट्टा बहुतेक वेळा २२ ते ३२ सेंटिमीटर दंडासाठी असतो, तो पट्ट्यावरच छापलेला असतो. आमच्या जाऊबाईंचा दंड भरला ३५, त्यांना आखूड पट्ट्याने कायम १५० च्या पुढे दाखवायचं, मोठा पट्टा आणला तेव्हा १३८ आलं. पट्टा लहान पडला तर बीपी खोटं जास्त दिसतं, आणि भरल्या अंगाच्या बायकांना उगाच गोळी वाढवून मिळते.

दुसरी चूक खास आपल्या बायकांची. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवून त्याच्या खाली पट्टा बांधतात. ती गुंडाळलेली बाही दंडाला दोरीसारखी आवळते, रीडिंग चुकतं. एक हात बाहीतून बाहेर काढा किंवा सैल गाऊन घालून मोजा, नुसत्या दंडावर पट्टा.

बाकीचं असं. आधी लघवीला जाऊन या, भरलेल्या मूत्राशयाने बीपी वाढतं. अर्धा तास आधी चहा नाही, चालणं नाही, मशेरी-तंबाखू नाही (मशेरीचं मुद्दाम लिहिते, गावाकडे कितीतरी बायका सकाळी दात घासायच्या नावाखाली मशेरी लावतात आणि तिला व्यसनात धरतच नाहीत, पण ती तंबाखूच आहे, नाडी आणि बीपी दोन्ही वाढवते). खुर्चीत पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, मांडी नाही, पायावर पाय नाही. हात टेबलावर, पट्टा छातीच्या मध्याच्या उंचीला. पाच मिनिटं गप्प, मोबाईलही नाही. मोजताना बोलायचं नाही, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या नाहीत. एक रीडिंग, एक मिनिट थांबून दुसरं, दोन्ही लिहायची.

पहिल्यांदा दोन्ही हातांना बघा, ज्या हाताला जास्त येईल तोच पुढे कायम धरा. मग सात दिवस, सकाळी चहा आणि गोळीच्या आधी दोनदा, संध्याकाळी दोनदा. पहिला दिवस सोडून द्यायचा, उरलेल्या सहा दिवसांची सरासरी काढायची. घरच्या मशीनवर सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर ते बीपी आहे, दवाखान्यातला १४० आणि ९० चा आकडा घरी वापरू नका. ताई कालनिर्णयच्या चौकोनात लिहायची, दुधाच्या हिशोबाशेजारी, आणि डॉक्टरांकडे जाताना पानाचा फोटो काढून न्यायची, अगदी पुरेसं होतं ते.

रात्री अंग तापून घाम फुटतो, धडधडतं, ते पाळी जाण्याचंही असू शकतं आणि बीपीचंही, अंदाजाने ठरत नाही. अशा वेळी थोडं शांत झाल्यावर मोजून ठेवा आणि शेजारी वेळ लिहा.

आणि एक जागा, जिथे सात दिवस थांबायचं नाही. बीपी १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, हातपाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, अचानक दिसेनासं होणं यातलं काहीही असेल तर तडक १०८ ला फोन. बायकांमध्ये हार्ट ॲटॅक नुसती मळमळ, जबड्यात किंवा पाठीत कळ, घाम आणि विलक्षण थकवा अशा रूपातही येतो, "पित्त झालं असेल" म्हणून सोड्याचं पाणी पिऊन झोपू नका. गरोदर बाईचं बीपी १६०/११० झालं तर कसलीही वाट बघायची नाही, लगेच हॉस्पिटल.

पायरी ३: आपला पाळी-बाळंतपणाचा इतिहास एका कागदावर लिहा

हा कागद कुणी मागत नाही, तरी तुम्ही न्या. पाळी कधी सुरू झाली, नियमित होती का, पीसीओएस (अंडाशयांचा, पाळी अनियमित करणारा हार्मोन्सचा त्रास) सांगितलं होतं का. प्रत्येक गरोदरपणात बीपी किती होतं, लघवीतून प्रोटीन गेलं होतं का, झटके आले होते का, साखर वाढली होती का, मूल वेळेआधी किंवा कमी वजनाचं झालं का. विसाव्या आठवड्यानंतर बीपी वाढून प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या बाईला पुढच्या आयुष्यात बीपी आणि हृदयरोगाचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो, "बाळंतपणानंतर उतरलं, संपलं" असं घरचे म्हणतात पण तसं नाही, अशा बाईने दरवर्षी बीपी बघायलाच हवं. ताईला धाकट्याच्या वेळी शेवटच्या महिन्यात १५० झालं होतं आणि पाय सुजले होते, वीस वर्षांत एकाही डॉक्टरने ते विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही, कारण त्याचा आजच्या बीपीशी संबंध असेल हे तिला माहीतच नव्हतं.

पिशवी काढली असेल तर कोणत्या वर्षी, आणि सोबत अंडाशयं काढली का, हे जुन्या कागदांत शोधा. अंडाशयं काढली की इस्ट्रोजेन एका दिवसात बंद होतं, हळूहळू नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचा प्रश्न गाजला, सरकारी समितीने तपासलेल्या ८२ हजारांवर बायकांमध्ये १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली, कितीतरी जणी तिशीतल्या. त्यांच्यातल्या ज्यांची अंडाशयंही गेली त्यांचं बीपी, हाडं, साखर हे सगळं लवकर बघायला हवं. तुमच्या घरी, शेजारी अशी कुणी असेल तर तिला मशीनसमोर बसवाच.

पायरी ४: घरातला औषधांचा डबा पालथा करा

बीपी वाढवणाऱ्या गोष्टी बहुतेक वेळा याच डब्यात असतात. गुडघेदुखीच्या, पाळीत पोटदुखीच्या गोळ्या, त्यातलं डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन हे किडनीला मीठ-पाणी धरायला लावतात, वरचेवर घेतल्या तर बीपी चढतं आणि बीपीच्या गोळीचा गुणही कमी येतो. सर्दीच्या गोळ्यांमध्ये नाक मोकळं करणारं औषध असतं, ते रक्तवाहिन्या आवळतं. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी काही जणींचं बीपी वाढतं, त्या सुरू करायच्या आधी आणि नंतरही मोजायला हवं. स्टिरॉइडच्या गोळ्या, तेच. पूजा-लग्नासाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या बीपी असताना मेडिकलमधून मनाने आणू नका, डॉक्टरांना विचारून घ्या.

आणि ज्येष्ठमध. घसा धरला की आपण काडी चघळतो, काढ्यात टाकतो, दोन-चार दिवस हरकत नाही, पण रोज महिनोन् महिने घेतलं तर ते शरीरात ॲल्डोस्टेरोन वाढल्यासारखंच काम करतं, मीठ धरतं आणि पोटॅशियम घालवतं. आमच्या शेजारच्या काकू आवाजासाठी म्हणून रोज घ्यायच्या. तयार काढ्यांच्या बाटलीवरची यादीही वाचा, त्यात यष्टिमधु लिहिलेलं असेल तर ते हेच. पित्तासाठी पाण्यात फसफसणारी पावडर आणि खायचा सोडा यातही सोडियम भरपूर असतं, मीठ लागत नाही म्हणून लक्षात येत नाही.

पायरी ५: मिठाच्या पुडीवर तारीख टाका

जागतिक आरोग्य संघटना म्हणते माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, चहाचा एक सपाट चमचा, सगळं धरून. ताटात कुणाच्या किती गेलं ते कुठे मोजत बसणार, म्हणून मी केलं ते सांगते. पुडी फोडली की तिच्यावर पेनने तारीख लिहायची. चार माणसांच्या घरात दिवसाला २० ग्रॅम म्हटलं तर एक किलोची पुडी ५० दिवस गेली पाहिजे. ताईकडे २८ दिवसांत संपली! आणि त्यात बाहेरचं फरसाण, पापड, पाव धरलेलेच नाहीत.

कमी कुठून करायचं? भाजी-आमटीपासून सुरू केलंत तर पहिल्याच दिवशी घरात भांडण होईल. आधी पोळीच्या कणकेतलं आणि भातातलं मीठ बंद करा, कुणाच्या लक्षातही येत नाही. मग ताटात डावीकडे मीठ वाढायची पद्धत थांबवा, तिथे नुसती लिंबाची फोड. दह्यात, ताकात, काकडीवर वरून मीठ नको, जिरेपूड आणि कोथिंबीर घाला. तिसऱ्या आठवड्यात आमटीतलं थोडं कमी. महिनाभरात जिभेला सवय होते, मग जुनं खारट लागायला लागतं, हे मी स्वतः अनुभवलं.

लोणचं, पापड, सांडगी मिरची, कुरडया, शेव-फरसाण, खारी, खारे शेंगदाणे हे रोजच्या ताटातून काढून सणाला ठेवा. कोकणात, गोव्यात सुकट, खारवलेला बांगडा आणि आगळ यांच्याकडे लक्ष द्या, आगळात मीठ भरपूर असतं, सोलकढी करताना वरून आणखी टाकू नका. उपवासाच्या सैंधवाला 'चांगलं मीठ' म्हणतात, तेही सोडियमच आहे, बीपीच्या बाबतीत काही फरक नाही.

दुकानात कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात काही भाग पोटॅशियमचा असतो, बऱ्याच जणांना ते चांगलं, पण किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यापैकी बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका, रक्तात पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं. ज्यांना ही अडचण नाही त्यांनी पोटॅशियम ताटातूनच घ्यावं, मटकी-मुगाची उसळ, पालेभाजी, भोपळा, केळं, बिनमिठाचं ताक.

पायरी ६: पोट कमी करायचं तर ताट आणि पाय दोन्ही

खाण्याबद्दल जास्त लिहीत नाही, सगळ्यांना माहीत असतं. ताईने तीनच गोष्टी बदलल्या. दोन्ही जेवणांत आधी उसळ किंवा अंडं किंवा मासा आणि भाजी वाढून घ्यायची, मग उरलेल्या जागेत एक पोळी किंवा वाटीभर भात, दोन्ही एकदम नाही. चहातली साखर हळूहळू बंद. तेलाच्या पिशवीवरही मिठासारखीच तारीख, माणशी महिन्याला साधारण अर्धा लिटर धरून. सकाळी सगळ्यांचे डबे भरून स्वतः अकराला उरलेल्या दोन पोळ्या चहात बुडवून खायच्या ही सवय सोडायला मात्र सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण स्वतःसाठी उसळ बाजूला काढून ठेवायची हेच तिला जमत नव्हतं.

वजन एक किलो कमी झालं की वरचं बीपी साधारण एक पॉइंट उतरतं, पाच किलोला पाच, आणि पोटाची चरबी अंगातल्या बाकी चरबीच्या आधी कमी व्हायला लागते, त्यामुळे काटा हलायच्या आधी टेप हलते. म्हणून धीर सोडू नका.

चालणं आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढ्या वेगाने. "घरात दिवसभर उभीच असते" हे खरं आहे आणि त्याने थकवाही येतो, पण त्यात हृदयाला सलग वेग मिळत नाही, म्हणून ते यात धरू नका. आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम हवाच, पाळी गेल्यावर स्नायू झपाट्याने कमी होतात. खुर्चीतून हात न टेकता उठ-बस दहा वेळा, भिंतीला हात लावून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. भिंतीला पाठ टेकून अर्धवट बसल्यासारखं थांबायचं, हाही बीपीला चांगला व्यायाम आहे, सुरुवातीला २० सेकंद, गुडघे दुखत असतील तर कमी वाका. श्वास मात्र कधीच रोखायचा नाही. आणि बीपी १६० च्या वर असेल तर आधी औषधाने खाली आणा, मग जोराचे व्यायाम.

झोपेबद्दल एकच सांगते. घोरता का ते घरच्यांना विचारा. पाळी गेल्यावर बायकांमध्ये झोपेत श्वास अडकण्याचा त्रास वाढतो, आणि त्याने बीपी चढतं, गोळ्यांनीही नीट उतरत नाही. बायका घोरतात हे सांगायला लाजतात म्हणून हे वर्षानुवर्षं लपून राहतं. घोरणं, सकाळी डोकं जड, दुपारी पेंग, हे तिन्ही असेल तर डॉक्टरांना सांगाच.

पायरी ७: डॉक्टरांकडे काय विचारायचं

सात दिवसांचे आकडे, कंबर, तो इतिहासाचा कागद आणि चालू गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या. जवळ मोठा दवाखाना नसेल तर उपकेंद्रात तिशीच्या पुढच्या सगळ्यांचं बीपी आणि साखर फुकट तपासतात, आशाताईंना विचारा.

तपासण्या साधारण या असतात: क्रिएटिनिन (यावरून किडनीचं काम कळतं), सोडियम, पोटॅशियम, लघवीतलं प्रोटीन, साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड, ईसीजी. थायरॉइड कमी असेल तर बीपीचा खालचा आकडा वाढतो, आणि बायकांमध्ये ते फार सापडतं. पोटॅशियम कमी निघालं, किंवा तीन गोळ्या घेऊनही बीपी उतरत नाही, किंवा अगदी तरुणपणीच बीपी लागलं तर "ॲल्डोस्टेरोन आणि रेनिनची टेस्ट करायची का?" हे स्वतःहून विचारा (रेनिन म्हणजे किडनीतून सुटणारं, ॲल्डोस्टेरोनला चालना देणारं रसायन). काही जणींच्या ग्रंथीच जास्त ॲल्डोस्टेरोन बनवत असतात आणि त्यावर वेगळा, नेमका उपचार आहे, स्पायरोनोलॅक्टोनसारखं औषध त्याचाच रस्ता अडवतं.

गोळीबद्दल आपल्यासाठी काही गोष्टी माहीत असाव्यात. ॲम्लोडिपिनने घोट्यावर सूज येते, बायकांना जास्त. रॅमिप्रिल-एनालाप्रिलने कोरडा खोकला येतो, तोही बायकांना जास्त. क्लोरथॅलिडोनसारख्या लघवीच्या गोळीने सोडियम खाली जाऊ शकतं, विशेषतः वय झालेल्या बायकांमध्ये, एकदम गळून गेल्यासारखं, गोंधळल्यासारखं वाटलं तर रक्त तपासा. यातलं काही झालं तर गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, बदलून मिळते. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, बाळाचा विचार असेल तर आधीच बदलून घ्या आणि गोळी चालू असताना पाळी चुकली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. पाळी जाताना हार्मोनचे उपचार घेणार असाल तर ते बीपीचं औषध नव्हे, आणि बीपी असेल तर गोळीपेक्षा कातडीवरचा पॅच किंवा जेल बरं पडतं का हे विचारा.

ताईला पहिल्या दिवसापासून गोळी लागली, १६८ ला नुसतं मीठ कमी करून भागत नाही, आणि गोळी घेतली म्हणजे आपण हरलो असं तिला फार वाटायचं. एकदा मी तिला किडनीचं चित्र काढून दाखवलं, मीठ कुठे अडतं, गोळी कुठे काम करते, त्यानंतर तिने एकही दिवस चुकवला नाही. गोळी सुरू झाल्यावर किंवा बदलल्यावर दोन ते चार आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम परत बघायचं असतं, ते तिने कालनिर्णयवर आधीच लिहून ठेवलं होतं. वर्षातून एकदा घरचं मशीन दवाखान्यात नेऊन त्यांच्या मशीनशी ताडून बघायचं, पाचपेक्षा जास्त फरक पडत असेल तर सेल बदला, पट्टा फाटला-सैलावला आहे का बघा, तरी फरक राहिला तर मशीन बदला. दाढ चौथ्या महिन्यात काढली. त्या दिवशी सकाळी घरी १३०/८२ होतं, कंबर ८४.